शाडे या बँडची कारकीर्द कशी ऐकावी : नव्या श्रोत्यांसाठी

सोल (म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे भावोत्कट गायनसंगीत) आणि जॅझ यांच्या वळणाचे पॉप संगीत ऐकायचे आहे, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही, असे कोणी म्हटले की मी गेली कित्येक वर्षे एकच नाव सांगत आलो आहे, आणि ते म्हणजे लंडनचा शाडे हा बँड. याचे एक कारण व्यवहाराचे आहे. १९८४ ते २०१० या काळात या बँडने अवघे सहा स्टुडिओ अल्बम काढले आणि त्यांतली गाणी साठाच्या घरात जातात. रोज तासभर काढणाऱ्या माणसाची ही सारी कारकीर्द आठवड्याभरात ऐकून होते आणि महिन्याभरात कानात मुरते. दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. नाव झाले, पैसा आला, की बहुतेक बँड वाद्ये वाढवतात, पाहुणे गायक बोलावतात, गाणे भरत नेतात. हा बँड मात्र बहुतेक प्रत्येक टप्प्यावर काहीतरी खाली ठेवत गेला. काय खाली ठेवले आणि त्यामुळे काय ऐकू येऊ लागले, याकडे नव्या श्रोत्याचा कान वळावा, एवढाच या लेखाचा रोख आहे.

पहिली पायरी : नाव आणि माणसे समजून घ्यावीत

रोमन लिपीतले नाव पाहून कोणी ‘सेड’ म्हणतो, तर कोणी ‘साडे’. खरा उच्चार शाडे असा आहे. अमेरिकेतही लोक अडखळत असल्यामुळे तिथल्या प्रतींवर उच्चार छापावा लागला होता. हे नाव नायजेरियातल्या योरुबा भाषेतले असून गायिकेच्या फोलाशाडे या नावाचा तो उत्तरार्ध आहे. पूर्ण नावाचा भाव ‘मान हाच मुकुट’ असा काहीसा होतो. हेलन फोलाशाडे अडू हिचा जन्म १६ जानेवारी १९५९ रोजी नायजेरियातल्या इबादान शहरात झाला. वडील अर्थशास्त्राचे नायजेरियन अध्यापक, तर आई इंग्रज परिचारिका. आईवडील वेगळे झाल्यावर ती चार वर्षांची असताना आईसोबत इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात आली आणि पुढे लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयात फॅशन डिझाइन शिकली.

शाडे हे गायिकेचेही नाव आहे आणि चौघांच्या बँडचेही, हे नव्या श्रोत्याने पहिल्याच दिवशी मनाशी पक्के करावे. स्टुअर्ट मॅथ्यूमन गिटार आणि सॅक्सोफोन वाजवतात, पॉल डेनमन बेस गिटार, तर अँड्र्यू हेल कीबोर्ड. ड्रमवादक पॉल कुक १९८४ मध्ये बाहेर पडले. त्यानंतर ड्रम आणि तालवाद्यांसाठी इतर वादक येत-जात राहिले, पण गाभ्याची ही चार माणसे बदलली नाहीत. ॲपवर गायिकेचे एकटीचे छायाचित्र दिसते आणि ऐकणारा आवाजामागे जातो, बाकीचे तिघे कानाआड राहतात. माझ्या मते बहुतेक नवे श्रोते येथेच चुकतात, कारण ही गाणी आवाजावर जितकी उभी आहेत तितकीच डेनमन यांच्या बेसवर उभी आहेत.

दुसरी पायरी : ऐकण्याची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर हा बँड ऐकू नये. त्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, बेस नाहीसा होतो आणि उरते ते उपाहारगृहात मागे वाजणारे गुळगुळीत संगीत. या बँडला अनेकांनी त्याच नावाने हिणवलेही आहे. साधे पण कानाला नीट बसणारे हेडफोन पुरेत. आवाज मध्यम ठेवावा. गाण्यांचा क्रम बदलू नये आणि ‘सर्वोत्तम गाणी’ छापाच्या संकलनापासून तूर्त लांब राहावे, कारण संकलनात १९८४ चे गाणे आणि २००० चे गाणे शेजारी येते आणि मधले सगळे स्थित्यंतर पुसले जाते.

तिसरी पायरी : ‘डायमंड लाइफ’, १९८४

या अल्बमची मागची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्याचे बीज तिच्यात आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये प्राइड नावाचा, फंक म्हणजे ठसठशीत ठेक्याचे नाचरे संगीत वाजवणारा एक मोठा बँड होता. हल शहरातून आलेले मॅथ्यूमन, डेनमन आणि कुक त्यात वाजवत होते, आणि शाडे अडू मागच्या फळीत साथीला गात होती. प्राइडच्या कार्यक्रमात मध्येच यांतली मोजकी माणसे पुढे येऊन जॅझच्या अंगाची, कमी वाद्यांची काही गाणी सादर करू लागली, आणि लोकांचे लक्ष मोठ्या बँडपेक्षा या छोट्या तुकड्याकडे जाऊ लागले. डिसेंबर १९८२ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स या नामांकित जॅझ क्लबमध्ये शाडे या नावाने पहिला कार्यक्रम झाला, तोही प्राइडच्या आधी, पूर्वरंग म्हणून. म्हणजे या बँडचा जन्मच मुळी मोठ्या मेळ्यातून वाद्ये वजा करून झाला. १९८३ मध्ये एपिक या ध्वनिमुद्रिका कंपनीशी करार झाला आणि जुलै १९८४ मध्ये पहिला अल्बम आला.

निर्माते होते रॉबिन मिलर. त्यांची दृष्टी अतिशय क्षीण होती आणि लंडनमधल्या आपल्या पॉवर प्लांट स्टुडिओत ते मुख्यतः कानावर विसंबून काम करत. सहा आठवड्यांत ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या ब्रिटिश पॉपमध्ये सिंथेसायझर आणि यांत्रिक ड्रम यांची चलती होती. या मंडळींनी खरा सॅक्सोफोन, खरा बेस आणि हाताने वाजवलेले कोंगा, म्हणजे क्यूबाकडचे उंच ढोल, समोर ठेवले.

आता ‘स्मूद ऑपरेटर’ हे पहिलेच गाणे लावावे आणि ते तीन वेळा ऐकावे. अल्बमचे नाव याच गाण्याच्या शब्दांतून घेतलेले आहे. पहिल्या खेपेस फक्त बेस ऐकावा आणि तो दोन सुरांच्या मध्ये किती जागा मोकळी सोडतो याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या खेपेस कोंगाचा लॅटिन अमेरिकी वळणाचा ठेका धरावा आणि टाळीने तो मोजून पाहावा. आवाज तिसऱ्या खेपेस. भावगीत आणि नाट्यगीत यांवर वाढलेल्या मराठी कानाला येथे प्रथम चुकल्यासारखे होईल, कारण ही गायिका जागा घेत नाही. ओळीच्या शेवटी सूर फिरवावा, हरकत घ्यावी, दाद मिळवावी, असे ती करत नाही. खर्जाकडे झुकणारा, किंचित धुरकट आवाज ओळ सांगतो आणि थांबतो, आणि त्या थांबण्यात सॅक्सोफोन बोलून घेतो. गाणे आहे देशोदेशी प्रेमाचा व्यापार करणाऱ्या एका देखण्या, निर्दय माणसावर, आणि गायिका त्याच्यावर चिडत नाही. सूर चढवला असता तर त्या माणसाचा निवाडा झाला असता. तो न चढवल्यामुळे तो माणूस समोर चालताना दिसतो.

त्याच अल्बमवरचे ‘व्हेन ॲम आय गोइंग टू मेक अ लिव्हिंग’ आवर्जून ऐकावे. त्या वेळी ब्रिटनमध्ये तीस लाखांहून अधिक माणसे बेकार होती आणि पोट कसे भरावे, असा सरळ प्रश्न हे गाणे विचारते. श्रीमंतांच्या मद्यगृहातले संगीत म्हणून ज्यांनी या बँडची वासलात लावली त्यांनी हे गाणे कानाआड केले, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटचे नववे गाणे ‘व्हाय कान्ट वी लिव्ह टुगेदर’ हे टिमी थॉमस यांच्या १९७२ च्या त्याच नावाच्या गाण्याचे नवे रूप आहे. मूळ गाण्यात एक ऑर्गन, एक यांत्रिक ठेका आणि एक आवाज एवढाच ऐवज होता. तेही शोधून ऐकावे. कमी साधनांची ही ओढ कोठून आली ते लगेच उमजते.

अल्बम ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि १९८५ चा सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचा ब्रिट पुरस्कार त्याला मिळाला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेंब्ली मैदानावर इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाइव्ह एड कार्यक्रमातही हा बँड होता.

चौथी पायरी : ‘प्रॉमिस’, १९८५

पुढच्याच वर्षी आलेला हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्ही ठिकाणी पहिल्या क्रमांकावर गेला, आणि १९८६ मध्ये बँडला सर्वोत्तम नवोदित कलाकाराचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. येथे दोन गाणी पुरेशी आहेत. ‘इज इट अ क्राइम’ हे सहा मिनिटांहून मोठे गाणे पितळी वाद्यांच्या भरात उसळते, मग एकदम कुजबुजीवर येते, आणि या गायिकेला आवाज उघडता येत नाही ही शंका कायमची फिटते. तिला तो उघडता येतो. एरवी ती तो राखून ठेवते.

दुसरे गाणे ‘द स्वीटेस्ट टॅबू’. अमेरिकेत कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर रात्री उशिरा संथ, शृंगारिक सोल संगीताचे कार्यक्रम लागत आणि त्या प्रकाराला ‘क्वाएट स्टॉर्म’, म्हणजे शांत वादळ, असे नाव होते. या गाण्याच्या शब्दांत ते नाव येते. ब्रिटिश वृत्तपत्रे या बँडला फॅशनच्या पुरवणीत टाकत असताना अमेरिकेतल्या या रात्रीच्या श्रोत्यांनी त्याला आपला मानला, आणि पुढची अनेक वर्षे त्यांनीच त्याला सांभाळले.

पाचवी पायरी : एक अल्बम तूर्त ओलांडून ‘लव्ह डिलक्स’, १९९२

१९८८ चा ‘स्ट्राँगर दॅन प्राइड’ मी नव्या श्रोत्याला नंतरसाठी ठेवायला सांगतो. निर्मितीची सूत्रे बँडने त्या वेळी स्वतःच्या हाती घेतली आणि वाद्यांची गर्दी कमी केली, पण त्यातली सगळीच गाणी सारख्या तोलाची नाहीत. जे साधायचे होते ते चार वर्षांनी ‘लव्ह डिलक्स’मध्ये साधले.

पहिले गाणे ‘नो ऑर्डिनरी लव्ह’ सात मिनिटांहून मोठे आहे. त्यात घडते फार थोडे. बेस आणि ड्रम एकाच संथ चालीने जात राहतात, आणि ध्रुवपदाच्या वेळी मॅथ्यूमन यांची गिटार खरखरीत, रॉकच्या जातीचा आवाज घेऊन मागून येते. डेफ्टोन्स या अमेरिकी हेवी मेटल बँडने हे गाणे पुन्हा गायले, यात नवल वाटू नये. तो जडपणा मूळ गाण्यातच आहे. १९९४ मध्ये या गाण्यालाही ग्रॅमी मिळाला.

तथापि या अल्बमवर थांबायचे ते ‘पर्ल्स’ या गाण्यापाशी. १९९२ मध्ये सोमालियात यादवी आणि दुष्काळ चालू होता. रस्त्याच्या कडेला धूळ खरवडून मुलीसाठी दाणे वेचणारी एक बाई या गाण्यात आहे आणि त्या दाण्यांना मोती म्हटले आहे. ठेका नाही, सॅक्सोफोन नाही. तंतुवाद्ये आणि आवाज. तिच्या दुःखाला गाणे उपमा देते ती नव्याकोऱ्या जोड्याची. चप्पल चावते असे आपण म्हणतो, तो चावा सगळ्यांना ठाऊक असतो, आणि एवढ्या मोठ्या दुःखासमोर इतकी क्षुल्लक, घरगुती उपमा ठेवण्याचे धाडस मला आजही थक्क करते. चालणाऱ्याला प्रत्येक पावलागणिक ती वेदना नव्याने होते, आणि त्या बाईला तर घरी पोहोचायला लांबवर चालायचे आहे. इंग्रजी शब्द कानाने पकडता येत नसतील तर हे एक गाणे शब्द समोर ठेवून ऐकावे. बाकीच्या गाण्यांसाठी मी तसा आग्रह धरत नाही.

सहावी पायरी : आठ वर्षांची शांतता आणि ‘लव्हर्स रॉक’, २०००

या बँडच्या दोन अल्बममधली अंतरे पाहिली तर एक, तीन, चार, आठ आणि दहा वर्षे अशी वाढत जातात. मधल्या काळात बँड मोडला, अशी समजूत होते. ती बरोबर नाही. तिघा वादकांनी १९९६ मध्ये स्वीटबॅक या नावाने स्वतंत्र अल्बम काढला, आणि त्याच वर्षी मॅक्सवेल या अमेरिकी गायकाच्या पहिल्या अल्बमच्या घडणीत मॅथ्यूमन यांचा मोठा वाटा होता. नव्या सोल संगीताचा जो प्रवाह तेव्हा अमेरिकेत सुरू झाला, त्याला शाडेच्या घरातूनच असे पाणी गेले. गायिका मात्र या काळात प्रसिद्धीपासून दूर राहिली, आई झाली, आणि सांगण्यासारखे साचले तेव्हाच परतली.

‘लव्हर्स रॉक’ हे नाव १९७० च्या दशकात लंडनमधल्या कॅरिबियन वस्त्यांत रुजलेल्या प्रेममय रेगे संगीताचे आहे; रेगे म्हणजे मूळ जमैकाचे, संथ डुलत्या ठेक्याचे संगीत. पहिल्या अल्बमची ओळख असलेला सॅक्सोफोन येथे शोधावा लागतो, जॅझ मागे सरतो, आणि गिटार, बेस, थोडासा ऑर्गन यांच्यावर गाणी उभी राहतात. ‘बाय युअर साइड’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध गाणे अगदी साध्या शब्दांत सोबतीचे वचन देते. इंग्रजी फारसे न जाणणाऱ्या माझ्या काकूंनाही ते एका ऐकण्यात समजले होते.

परंतु या अल्बमचा कणा ‘इमिग्रंट’ या गाण्यात आहे, असे मी मानतो. परक्या देशात आलेला एक माणूस दुकानात जातो, पैसे देतो, आणि दुकानदार सुटे परत करताना त्याच्या हाताला आपला हात लागणार नाही एवढी काळजी घेतो. काळे असणे म्हणजे काय, ते त्या माणसाला त्या क्षणी कळते. गाण्यात एवढेच आहे, आणि सूर नेहमीप्रमाणे चढत नाही. वरून हातावर टाकलेल्या नाण्याचा अर्थ महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगावा लागू नये.

आकडे पाहायचे तर हा अल्बम ब्रिटनमध्ये अठराव्या क्रमांकावर थांबला आणि अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. २००२ मध्ये त्याला सर्वोत्तम पॉप गायनाच्या अल्बमचा ग्रॅमी मिळाला. ‘क्वाएट स्टॉर्म’च्या अमेरिकी श्रोत्यांविषयी वर जे लिहिले आहे त्याचा हा पुरावा समजावा.

सातवी पायरी : ‘सोल्जर ऑफ लव्ह’, २०१०

दहा वर्षांनी आलेला हा अल्बम पहिल्या आठवड्यात अमेरिकेत ५ लाख २ हजार प्रतींनी खपला आणि थेट पहिल्या क्रमांकावर आला. शीर्षकगीताने सुरुवात करावी. आतापर्यंतच्या पाच अल्बममध्ये तालवाद्ये नेहमी कोंगाच्या मऊपणाने वाजत आली. येथे लष्करी कवायतीसारखा कोरडा, तुटक ड्रम आहे, आणि पन्नाशी ओलांडलेला आवाज अधिक खरबरीत, अधिक जवळचा झाला आहे. ही एकच जागा अशी की जिथे बँडने काही खाली ठेवले नाही, उलट एक कठोर गोष्ट उचलून घेतली. हे ऐकून झाले की वगळून ठेवलेला १९८८ चा अल्बम लावावा. आता तो वेगळा लागतो. ‘डायमंड लाइफ’ आणि ‘लव्ह डिलक्स’ यांच्यामधला पूल म्हणून त्याची कमी भरलेली गाणीही कामाची वाटू लागतात.

आठवी पायरी : रंगमंच, पूर्वज आणि शेजारी

२०११ च्या जगभराच्या दौऱ्याचे ‘ब्रिंग मी होम’ हे चित्रण पाहावे. वादक एकमेकांकडे किती वेळा पाहतात आणि गायिका गात नसताना कशी स्तब्ध उभी राहते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर बँड या शब्दाचा अर्थ पक्का होतो.

त्यानंतर मागे जावे. शाडे अडू लहानपणापासून जे ऐकत आली त्यांत बिल विदर्स, डॉनी हॅथवे, कर्टिस मेफील्ड आणि नीना सिमोन ही नावे येतात. नव्या श्रोत्याने बिल विदर्सपासून आरंभ करावा, कारण साध्या शब्दांत आणि थोड्या वाद्यांत काम भागवण्याची तीच वृत्ती तिथे आहे. शेजारच्यांत १९८४ चे दोन अल्बम घ्यावेत : रॉबिन मिलर यांनीच निर्माण केलेला एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचा ‘ईडन’ आणि द स्टाइल कौन्सिल या ब्रिटिश बँडचा ‘कॅफे ब्लू’. तोच काळ, तीच जॅझची ओढ, पण तिघांचे स्वभाव किती निराळे आहेत ते शेजारी ठेवल्यावरच ध्यानात येते. ‘कॅफे ब्लू’वर एक गाणे एव्हरीथिंग बट द गर्लच्या ट्रेसी थॉर्न यांनी गायले आहे, तेवढे तरी चुकवू नये.

‘यंग लायन’ हे २०२४ चे गाणे सर्वांत शेवटी ठेवावे. ट्रान्स व्यक्तींच्या, म्हणजे जन्मवेळी मानलेल्या लिंगाहून स्वतःची ओळख वेगळी असणाऱ्यांच्या, समर्थनार्थ निघालेल्या एका संकलनासाठी शाडे अडू हिने ते आपल्या ट्रान्स मुलासाठी गायले. आपल्याला हे आधी समजायला हवे होते, असे एक आई या गाण्यात मुलाला सांगते आणि त्याची माफी मागते. सहाही अल्बम ऐकून झालेल्या श्रोत्याला त्या आवाजाचा संयम ओळखीचा झालेला असतो. म्हणून हे गाणे घाईने, कामाच्या मधल्या वेळेत लावू नये. रात्री, हेडफोन लावून, एकदाच ऐकावे, आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरे काही लावू नये.